एसआयडीच्या टेबलावर बसायचं असेल तर

एमएस करायला अमेरिकेत आलेली मराठी मुलं ऑगस्ट उजाडला की मला विचारतात, "कॅम्पसवर काम कुठे मिळेल?" पूर्वी प्रश्नाच्या आधी 'ताई' असायचं, आता 'काकू' असतं. प्रश्न तोच आहे. लायब्ररीत रांग असते, डायनिंग हॉलमधल्या पाळ्या सीनियर मुलांनी आधीच वाटून घेतलेल्या असतात, आणि टीएशिप, म्हणजे शिकवण्यात मदत करायचं काम, मिळणं न मिळणं प्रोफेसरांच्या मर्जीवर. मी सगळ्यांना एकच पत्ता देते: अ‍ॅथलेटिक्सच्या इमारतीत जा आणि स्पोर्ट्स इन्फर्मेशनचं ऑफिस शोधा. दारावर हल्ली 'अ‍ॅथलेटिक कम्युनिकेशन्स' किंवा त्याहून भारदस्त काहीतरी लिहिलेलं असेल, पण आत बसलेल्या माणसाला जुने लोक अजून एसआयडीच म्हणतात, म्हणजे स्पोर्ट्स इन्फर्मेशन डायरेक्टर. मीही त्याच दारातून विद्यार्थी-कामगार म्हणून आत गेले आणि निवृत्त होऊनच बाहेर पडले.

आपल्याकडे विद्यापीठाचे सामने झाले की क्रीडा संचालक एखाद्या वार्ताहराला फोन करतात आणि दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळी येतात. इथे त्या चार ओळींसाठी अख्खं खातं असतं. एनसीएए म्हणजे इथली कॉलेज खेळांची सर्वात मोठी संघटना. तिच्या तीन डिव्हिजनमध्ये मिळून हजाराहून जास्त कॉलेजं आहेत आणि जवळपास प्रत्येक कॉलेजात हे काम करणारं कुणी ना कुणी असतंच. त्यांची संघटना 1957 साली 'कोसायडा' या नावाने निघाली, 2022 मध्ये तिचं नाव 'कॉलेज स्पोर्ट्स कम्युनिकेटर्स' झालं. काम काय, तर सामन्याची आकडेवारी ठेवायची, पत्रकारांना हवं ते पुरवायचं, बातमी लिहायची, खेळाडूंना माइकसमोर उभं करायचं आणि शंभर वर्षांचे विक्रम सांभाळायचे. खेळायचं सोडून सगळं.

आत कसं शिरायचं

वर्ग सुरू व्हायच्या दोन आठवडे आधी मेल टाका. सप्टेंबरात टाकलात तर उशीर झाला, कारण सॉकर आणि व्हॉलीबॉलचे सामने ऑगस्टच्या अखेरीसच सुरू होतात. अ‍ॅथलेटिक्सच्या वेबसाइटवर 'स्टाफ डिरेक्टरी' असते, तिथे एसआयडीचा पत्ता मिळतो. मेल पाच ओळींचा लिहा. पहिल्याच ओळीत सांगा की शनिवारी-रविवारी आणि संध्याकाळी मोकळे आहात. त्या एका वाक्यावर मी मुलं घेतली आहेत. खेळाचं प्रेम, लहानपणापासूनचं स्वप्न वगैरे गाळा, ते प्रत्येक अर्जात असतं.

एफ-1 व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करता येतं. नोकरी पक्की झाली की तिचं पत्र घेऊन आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जायचं आणि मग सोशल सिक्युरिटी नंबरसाठी अर्ज करायचा. हा क्रम उलटा करू नका, खेटे पडतात.

फुटबॉल (म्हणजे इथला अमेरिकन फुटबॉल) मागू नका. फुटबॉलच्या प्रेस बॉक्ससाठी अमेरिकन मुलांची झुंबड असते. महिला व्हॉलीबॉल मागा, सॉकर मागा, पोहणं मागा. एका एसआयडीकडे चार-चार पाच-पाच खेळ असतात आणि लहान खेळांना माणूस कधीच पुरत नाही. शिवाय व्हॉलीबॉलच्या टेबलावर पहिल्याच महिन्यात तुमच्या हातात कीबोर्ड येतो. फुटबॉलला वर्षभर कागदच वाटाल.

"पण मला बास्केटबॉल कळत नाही," असं म्हणणाऱ्यांना मी विचारते, क्रिकेटचं स्कोअरबुक कधी लिहिलं आहे का? सांगलीत कॉलेजच्या सामन्यांना मी ते लिहायचे. फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर बरोबर गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय आणि लेग बाय, हा ताळा ज्याने उन्हात बसून जुळवला आहे त्याला बाकीचं पंधरा दिवसांत येतं. एनसीएए प्रत्येक मोठ्या खेळाचं 'स्टॅटिस्टिशियन्स मॅन्युअल' फुकट उपलब्ध करून देते. असिस्ट (गुण मिळवून देणारा पास) कशाला म्हणायचं, रीबाउंड (हुकलेला चेंडू ताब्यात घेणं) कुणाच्या नावावर, चूक कुणाची, सगळं त्यात उदाहरणांसकट आहे. ते छापून घ्या आणि बसमध्ये वाचा. मॅन्युअल वाचून आलेला नवा मुलगा ऑफिसात कौतुकाचा विषय होतो, कारण जुन्यांपैकीही निम्म्यांनी ते पुरतं वाचलेलं नसतं.

स्टॅट टेबल

इथे जरा थांबून सांगते, कारण सगळं या टेबलावरच शिकायला मिळतं.

बास्केटबॉलला दोन माणसं लागतातच. एक सांगणारा, त्याला कॉलर म्हणतात, आणि एक टाइप करणारा. कॉलरने मैदानावरची नजर हटवायची नाही, टाइप करणाऱ्याने स्क्रीनवरची. दोघांनीही खेळ बघायचा मोह धरला की आकडे गेलेच. पूर्वी स्टॅटक्रू नावाची प्रणाली होती, काळ्या पडद्यावर अक्षरं उमटायची आणि माउसचं काम नव्हतं. बोटांना तिचे शॉर्टकट इतके बसले होते की झोपेतही चालले असते. आता एनसीएएची लाइव्हस्टॅट्स आहे, आकडा टाकला की काही सेकंदांत जगभर दिसतो. म्हणजे चूकही जगभर दिसते.

कॉलरने बोलायचं ते ठरलेल्या क्रमाने: आधी नंबर, मग काय केलं, मग काय झालं. "बारा, तीनचा, हुकला. रीबाउंड पाहुणे, चौतीस." नाव कधीच घ्यायचं नाही. कौतुक तर मुळीच नाही. प्रेस रोवर, म्हणजे पत्रकारांच्या रांगेत, टाळी वाजवायची नाही, हा या धंद्यातला सगळ्यात जुना नियम आहे आणि तो आपल्या कॉलेजच्या टेबलालाही लागू आहे. शेवटच्या सेकंदाला आपल्या पोरीने टाकलेला चेंडू आत गेला तरी तुम्ही म्हणायचं, "पाच, दोनचा, गेला, असिस्ट अकरा," आणि मग गुपचूप पाणी प्यायचं.

2023 च्या हंगामापर्यंत कॉलेज बास्केटबॉलच्या जर्सीवर 0 ते 5 एवढेच अंक चालायचे, कारण रेफरी हाताच्या बोटांनी नंबर दाखवतो. 27 नाही, 38 नाही, 9 तर नाहीच. आता 0 ते 99 सगळे चालतात. जुन्या कॉलरांची त्यामुळे पंचाईत झाली आहे, "सहासष्ट" असं तोंडातून निघता निघता दुसरा शॉट होऊन जातो. सामन्याआधी दोन्ही संघांचे नंबर मोठ्याने म्हणून बघा. घशाला सवय होते.

हुकलेल्या प्रत्येक शॉटला रीबाउंड असतोच, हे डोक्यात पक्कं करा. चेंडू कुणाच्याच हाती न लागता बाहेर गेला तर ज्या संघाला मिळाला त्याच्या नावावर 'टीम रीबाउंड'. दोनपैकी पहिला फ्री थ्रो हुकला तर 'डेड बॉल रीबाउंड'. अडवलेला शॉट हादेखील हुकलेलाच शॉट, त्यालाही रीबाउंड लागतो. मध्यांतराला हुकलेले शॉट आणि रीबाउंड यांची बेरीज जुळत नसेल तर काहीतरी सुटलंय, आणि ते तेव्हाच शोधायचं. सामना संपल्यावर कुणालाच काही आठवत नाही.

मध्यांतराला आणखी एक काम: स्कोअरर्स टेबलावरच्या अधिकृत वहीशी गुण आणि फाउल ताडून बघा. कॉम्प्युटर कितीही हुशार असला तरी यजमान संघाची ती हाताने लिहिलेली वहीच अधिकृत धरतात. पुरुषांच्या सामन्यात प्रत्येक अर्ध्यात 16, 12, 8 आणि 4 मिनिटांच्या खाली घड्याळ गेलं की मीडिया टाइमआउट येतो. महिलांचे 2015 पासून चार क्वार्टर असतात, तिथे 5 मिनिटांच्या खाली. या टाइमआउटमध्येच ताजा बॉक्स स्कोअर, म्हणजे आकडेवारीचा तक्ता, पत्रकारांच्या हाती गेला पाहिजे. धावणारी मुलं चपळ निवडा.

आता दहाव्या रीबाउंडची गोष्ट. आमच्या एका मुलीचे एका सामन्यात 22 गुण आणि 9 रीबाउंड झाले. दहा झाले असते तर डबल-डबल, म्हणजे दोन रकान्यांत दोन आकडी, आणि डबल-डबल म्हणजे कॉन्फरन्सच्या (आमच्या कॉलेजगटाच्या) आठवड्याच्या पुरस्कारासाठी नाव पुढे. सामना संपून पाच मिनिटं होतात न होतात तोच कोच कागद हातात घेऊन दारात. "नऊ? दहावा मी माझ्या डोळ्यांनी बघितला." बाहेर मुलीची आई फोन धरून उभी. आम्ही चौथ्या क्वार्टरचं चित्रण लावलं. चेंडू रिंगवरून उडाला, मुलीच्या बोटांच्या टोकांना लागला, जमिनीवर एक टप्पा पडला आणि मग गार्डने तो उचलला. सहकाऱ्याकडे मुद्दाम, ताब्यात ठेवून ढकललेला चेंडू असता तर तो तिचा रीबाउंड. हा नुसता लागलेला होता. चित्रण तीनदा फिरवलं, नऊचे नऊच राहिले. कोच दार आपटून गेले. पुढच्या सामन्याच्या आदल्या दिवशी नोट्स (सामन्याआधीचं माहितीपत्रक) मागायला स्वतःच आले, कारण नोट्स लागतातच.

चित्रणात चूक दिसली तर आकडा जरूर बदला. मग तो आपल्या फायद्याचा असो की तोट्याचा, समोरच्या एसआयडीला कळवून बदला. पण कुणी दारात उभं आहे म्हणून बदलायचा नाही. एकदा बदललात की त्या मोसमातला तुमचा प्रत्येक आकडा संशयाचा होतो, आणि सगळ्यात आधी संशय घेतो तो समोरचा एसआयडी, जो स्वतः तसल्याच टेबलावर बसलेला असतो.

बेसबॉलला मात्र ताळा आयताच मिळतो, म्हणून माझा तो लाडका खेळ. एका संघाचे अ‍ॅट बॅट (हिशेबात धरलेल्या फलंदाजीच्या पाळ्या), वॉक (चार वाईट चेंडूंवर मिळालेला बेस), चेंडू लागून बेसवर गेलेले, सॅक्रिफाइस (स्वतः बाद होऊन साथीदाराला पुढे नेणं) आणि अडथळ्यामुळे पहिला बेस मिळालेले, यांची बेरीज करा. दुसऱ्या बाजूला त्याच संघाच्या धावा, बेसवर अडकून राहिलेले खेळाडू आणि प्रतिस्पर्ध्यांचे पुटआउट, म्हणजे त्यांनी केलेले बाद. दोन्ही बेरजा एकच आल्या पाहिजेत. समजा 33 अ‍ॅट बॅट, 4 वॉक, 1 लागलेला, 1 सॅक्रिफाइस: झाले 39. तिकडे 5 धावा, 7 अडकलेले, 27 पुटआउट: 39. जमलं. 38 आले तर जेवायला जायचं नाही.

फुटबॉलचं एवढंच सांगते की टीव्हीवर एनएफएल (व्यावसायिक लीग) बघून शिकलेलं इथे चालत नाही. क्वार्टरबॅकला, म्हणजे पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, मागे पाडलं तर ते गमावलेले यार्ड एनएफएल पासिंगमधून वजा करते, कॉलेजात ते धावण्यातून जातात. नव्या मुलाचा पहिला घोटाळा हमखास तिथेच होतो.

नोट्स आणि नावं

सामन्याच्या आधी पत्रकारांसाठी 'गेम नोट्स' बनवायच्या. पूर्वी जाडजूड मीडिया गाइड छापायचे. मोठी विद्यापीठं पाचशेच्या वर पानांची गाइड काढून भरतीला आलेल्या मुलांना भुलवायला लागली, तेव्हा एनसीएएने 208 पानांची मर्यादा घातली. आता छापणं जवळपास संपलंच. नोट्स मात्र राहिल्या.

पहिल्या पानावर काय हवं? वेळ, ठिकाण, चॅनेल, दोघांचं रेकॉर्ड, आजवरच्या लढतींचा हिशेब, आणि तीन ताज्या गोष्टी. तीनच. वार्ताहर दुसऱ्या पानावर जात नाही. रेडिओवाला जातो, त्याला अडीच तास बोलायचं असतं, म्हणून त्याच्यासाठी मागच्या पानांत गावं, भावंडं, विषय, जुने सामने भरा. सगळ्यात उपयोगी पान म्हणजे 'शेवटचं कधी': आपल्या कुणी शेवटचे 30 गुण कधी केले, शेवटचा ट्रिपल-डबल कुणाचा, दुहेरी ओव्हरटाइम कधी झाला. हे पान वर्षभर पाळावं लागतं. सामना रंगात आला की टीव्हीचा माणूस मान वळवून विचारतो आणि तुमच्याकडे दहा सेकंद असतात.

नावांच्या उच्चारांचा तक्ता मी स्वतः करायचे, कुणाला देत नसे. पद्धत सोपी आहे. मोसमाच्या पहिल्या दिवशी प्रत्येक खेळाडूला फोनवर आपलं नाव स्वतः म्हणायला लावायचं, ते ध्वनिमुद्रण जपून ठेवायचं, आणि अक्षरं फोडून, जोर कुठे ते दाखवून लिहायचं. "तुला घरी काय म्हणतात?" हेही विचारा. पुष्कळ मुलं शाळेपासून नावाचा चुकीचा उच्चार निमूटपणे ऐकत आलेली असतात आणि "कसंही म्हणा, चालेल" म्हणतात. चालत नाही. आपली ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून टेनिस खेळली, पुढे हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर तिने मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. सोमदेव देववर्मनने व्हर्जिनियाकडून 2007 आणि 2008 असं लागोपाठ दोनदा एनसीएए एकेरीचं विजेतेपद घेतलं. ही नावं इंग्रजी स्पेलिंगवरून वाचायला अमेरिकन उद्घोषकाच्या हाती नुसती दिली तर तो बिचारा काय करणार?

उच्चाराची उलटी गोष्टही आमच्या धंद्यात प्रसिद्ध आहे. 1970 साली नोत्र दाम विद्यापीठाचा क्वार्टरबॅक होता जो थीसमन. घरचा उच्चार 'थीसमन'. तिथले एसआयडी रॉजर वॅल्डिसेरी यांनी सुचवलं की हाइसमन ट्रॉफीशी (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराशी) यमक जुळेल असं 'थाइसमन' म्हणूया. त्याने ते मान्य केलं आणि जन्मभर थाइसमन राहिला. ट्रॉफी मात्र स्टॅनफर्डच्या जिम प्लंकेटला गेली. ही गोष्ट पार्टीत सांगायला छान आहे. तुमच्या खेळाडूच्या नावाला तुम्ही हात लावू नका.

रात्रीची बातमी

सामना संपल्यावर पाच मिनिटांत अंतिम बॉक्स स्कोअर, अर्ध्या तासात बातमी. हे जमवायचं तर बातमी सामना चालू असतानाच लिहावी लागते. चौथ्या क्वार्टरला दोन सुरुवाती तयार ठेवा, एक जिंकल्याची आणि एक हरल्याची. हरल्याची आधी लिहा, ती जास्त अवघड असते. हरलो हे पहिल्या वाक्यात सांगा. "झुंजार लढत दिली", "अनुभव गाठीशी बांधला" असली भाषा वापरून पराभव तिसऱ्या परिच्छेदात ढकलणारा एसआयडी वार्ताहरांच्या चेष्टेचा विषय होतो.

दुसऱ्या कॉलेजच्या बातमीवर विसंबताना तिथे खरंच माणूस बसलाय ना हे बघा, असं मी नव्यांना सांगते आणि मग प्लेनफील्डची गोष्ट सांगते. 1941 च्या शरद ऋतूत मॉरिस न्यूबर्गर नावाच्या वॉल स्ट्रीटवरच्या दलालाने न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांना फोन करून 'प्लेनफील्ड टीचर्स कॉलेज'चे फुटबॉल स्कोअर द्यायला सुरुवात केली. असं कॉलेजच नव्हतं. पेपरांनी स्कोअर छापले. मग त्याने जॉनी चंग नावाचा तारा खेळाडू निर्माण केला, आणि जेरी क्रॉयडन नावाचा प्रसिद्धीप्रमुखही, म्हणजे आमच्या जातीचा एक कल्पित माणूस. आठवड्यामागून आठवडे प्लेनफील्ड अजिंक्य! नोव्हेंबरात बिंग फुटलं तेव्हा क्रॉयडनचं शेवटचं पत्रक निघालं, की बरेच खेळाडू परीक्षेत नापास झाल्यामुळे उरलेले सामने रद्द. एडिसनच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींनी प्लेनफील्डवरून जाताना ही गोष्ट आठवावी. स्कोअर फोनवरून घ्यायचे तेव्हा आम्ही घेतलेला नंबर उलट लावून खात्री करायचो, ती सवय अशा गोष्टींनी लावली.

आणि लहान कॉलेज असाल तर सगळ्यात जास्त तयारी तुम्हीच ठेवा. 16 मार्च 2018 ला यूएमबीसीने, म्हणजे मेरीलँड विद्यापीठाच्या बॉल्टिमोर काउंटी शाखेने, व्हर्जिनियाला 74–54 हरवलं. पुरुषांच्या एनसीएए बास्केटबॉल स्पर्धेत सोळाव्या मानांकिताने पहिल्या मानांकिताला हरवण्याची ती पहिलीच वेळ, त्याआधी पहिले मानांकित 135 वेळा जिंकले होते. मध्यांतराला 21–21 होते, आणि त्या रात्री कॉलेजचं ट्विटर खातं एकटा झॅक साइडेल चालवत होता. त्याच्या खुसखुशीत ट्वीटनी निम्मा देश यूएमबीसीच्या बाजूला वळवला. लोकांना ती हजरजबाबी वाटली. मला दिसली ती तयारी: संघ, खेळाडू, जुने आकडे सगळं त्याच्या डोक्यात होतं, म्हणून विनोद करायला वेळ होता. 2022 मध्ये जर्सी सिटीचं सेंट पीटर्स असंच केंटकीला ओव्हरटाइममध्ये 85–79 हरवून निघालं आणि पंधरावं मानांकन असताना शेवटच्या आठांत गेलं. अशा रात्री देशभरातून फोन येतात, आणि फोटो, उच्चार, आईवडिलांचं गाव हे तेव्हा शोधायला बसून भागत नाही.

माइकसमोरची मुलं

ही 18 ते 22 वर्षांची मुलं आहेत. हरलेल्या मुलीला कपडेसुद्धा बदलू न देता कॅमेऱ्यांसमोर नेऊ नका. तिला पाणी द्या, दारात एक मिनिट उभं करा आणि सांगा की पहिला प्रश्न बहुधा त्या हुकलेल्या फ्री थ्रोबद्दल असेल. एवढं कळलं तरी ती सावरते. उत्तर पढवू नका. पढवलेलं उत्तर वार्ताहरांना वासानेच कळतं. रडली तर हात धरून बाहेर न्या, "धन्यवाद, एवढंच" म्हणा आणि कुणाच्या नाराजीची पर्वा करू नका.

दुखापतीबद्दल तुम्ही स्वतः एक शब्द बोलायचा नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदींसाठी 1974 चा फर्पा कायदा आहे, वैद्यकीय माहितीसाठी 1996 चा हिपा. खेळाडूने, प्रशिक्षकांनी आणि ट्रेनरने जे सांगायचं ठरवलं तेवढंच. "गुडघा" म्हणायचं ठरलं असेल तर गुडघा, कुठलं लिगामेंट ते नाही. मार्कांची चौकशी कुणी केली तरी तेच.

वाईट बातमी आली, आणि मोठ्या नोकरीत ती येतेच, म्हणजे प्रशिक्षक काढले, चौकशी बसली, कुणाचा अपघात झाला, तर फोन बंद करून बसू नका. "आत्ता सांगता येत नाही, चार वाजता तुम्हाला काही ना काही सांगते" म्हणा आणि चार वाजता फोन करा, सांगण्यासारखं काही नसलं तरी. वार्ताहर नकार सहन करतो. त्याला ताटकळत ठेवलंत तर मात्र तो दुसरीकडून खणतो. आणि अपघात असेल तर घरच्यांना कळल्याची खात्री झाल्याशिवाय नाव बाहेर जाता कामा नये, मग ते एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) आधीच फिरत असलं तरी.

2018 पासून ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, आहे आणि जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात. त्यामुळे आज नोट्समध्ये लिहिलेलं नाव उद्या दुसऱ्या कॉलेजच्या नोट्समध्ये असतं. परदेशी खेळाडू असाल तर जाहिरातीचा एकही कागद सही करण्याआधी व्हिसाचं कार्यालय गाठा. एफ-1 वर ते प्रकरण सरळ नाही.

उन्हाळ्यात: जुन्या वह्या

जूनमध्ये कॅम्पस ओस पडतो तेव्हा नवीन मुलाला सहसा एक काम मिळतं, जुने विक्रम नीट लावणं. कंटाळवाणं समजून टाळू नका. यात बायकांचा भाग सगळ्यात जास्त पडीक असतो. 1971 मध्ये निघालेली एआयएडब्ल्यू ही संघटना महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा घ्यायची. एनसीएएने महिलांच्या स्पर्धा 1981-82 पासून सुरू केल्या आणि एआयएडब्ल्यू बंद पडली. तिच्या काळातल्या नोंदी बऱ्याच कॉलेजांच्या विक्रम-यादीत नव्हत्याच, जणू 1982 आधी मुली खेळतच नव्हत्या.

याचा परिणाम 2024 मध्ये सगळ्यांनी पाहिला. आयोवाच्या बास्केटबॉलपटू केटलिन क्लार्कने फेब्रुवारीत केल्सी प्लमचा 3,527 गुणांचा एनसीएए महिला विक्रम मोडला आणि टीव्हीवर जल्लोष झाला. पण कॅन्ससच्या लिनेट वुडर्डचे एआयएडब्ल्यूच्या काळातले 3,649 गुण त्याहून जास्त होते, ते क्लार्कने महिनाअखेरीला ओलांडले. मार्चमध्ये पुरुषांमधल्या पीट मॅराविचचे 3,667 मागे पडले. क्लार्क थांबली 3,951 वर. आणि फ्रान्सिस मॅरियन या छोट्या कॉलेजकडून पर्ल मूर 1975 ते 1979 मध्ये खेळली, तिचे गुण 4,061. विक्रम कुणाचा, याचं उत्तर यादीच्या मथळ्यात काय लिहिलंय त्यावर अवलंबून आहे, म्हणून मथळा आधी ठरवा आणि पूर्ण लिहा: कुठली संघटना, कुठलं डिव्हिजन, कुठल्या सालापासून.

मग शोधायला बसा. विद्यार्थ्यांचं वर्तमानपत्र लायब्ररीत मायक्रोफिल्मवर असतं, तिथून सुरुवात करा. वार्षिक अंकांत संघाचे फोटो आणि नावं मिळतात, पण आकडे क्वचित. जिमच्या माळ्यावर किंवा निवृत्त प्रशिक्षिकेच्या घरी मूळ स्कोअरबुक असण्याची शक्यता असते. माजी विद्यार्थी कार्यालयामार्फत पत्र पाठवून विचारा. खेळाडूंनी लग्नानंतर नाव बदललेलं असतं, तेव्हा दोन्ही आडनावं नोंदवा. त्या काळी महिलांच्या खेळात तीनचा शॉट नव्हता, तो 1987-88 ला आला, म्हणून रकाने सारखे धरू नका. एखाद्या सामन्याचे गुण फक्त वर्तमानपत्रात सापडले तर तसं लिहा, आणि वर्तमानपत्र व वही जुळत नसतील तर वही धरा. मोसमातले काही सामने सापडलेच नाहीत तर एकूण आकड्यापुढे तारांकन करून खाली लिहा: 'उपलब्ध सामन्यांवरून'. सरासरी काढू नका. आणि फाइलच्या नावात तारीख टाका, पुढच्या जूनमध्ये हेच काम दुसरं कुणीतरी पुढे नेणार आहे.